आघात, आधार आणि शाळा

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा पाठ)



महोत्सवाच्या समारंभात मुख्याध्यापिकेने शाळेच्या प्रगतीचा आढावा घ्यावा, अशी रूढी आहे. तो आढावा कार्यवाहांच्या अहवालात सविस्तर आलेला आहे. त्याची पुनरावृत्ती करून मी आपला वेळ घेणार नाही. गेल्या महिन्यात या मेळाव्याची आखणी चालू असताना आपल्या एका माजी विद्यार्थिनीने मला विचारले, "बाई, साठ वर्षांत शाळेने सर्वांत अवघड काम कोणते केले?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आज तिला उत्तर देते. इमारत उभी करणे अवघड होतेच. गुजरातेत मराठी माध्यमाचे वर्ग टिकवणे तर आजही अवघड आहे. परंतु एखाद्या मुलाचे जग एका रात्रीत मोडून पडते आणि काही दिवसांनी तेच मूल दप्तर घेऊन आपल्या दारात उभे राहते, तेव्हा त्याला पुन्हा वर्गात बसते करणे, याहून अवघड काम मी पाहिलेले नाही. त्याविषयीच मी बोलणार आहे.

'ट्रॉमा' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. चाचणीत दोन गुण कमी पडले तरी ट्रॉमा, मैत्रिणीने अबोला धरला तरी ट्रॉमा. मूळ ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ जखम असा आहे. मराठीत आपण 'आघात' म्हणतो. मला मात्र 'घाव' हा शब्द जवळचा वाटतो. प्रत्येक दुःख म्हणजे घाव नव्हे. आजोबा पिकल्या वयात गेले, तर घर रडते, दिवस होतात, आणि हळूहळू ते दुःख आठवणीत जाऊन बसते. घावाचे तसे होत नाही. जे घडले ते मनाच्या आवाक्याबाहेरचे असते, म्हणून ते भूतकाळात जातच नाही. पुन्हा पुन्हा आत्ताच घडत राहते. बुद्धीला कळते की संकट टळले आहे, शरीराला ते कळत नाही. रस्त्यावरून जड वाहन गेले की छाती धडधडते, दार आपटले की हातातले भांडे पडते, मोठे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, बोलके मूल गप्प होते आणि गरीब स्वभावाचे मूल मारकुटे होते. हे नाटक नसते आणि तो हट्टही नसतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. पुस्तके नंतर वाचली. आधी शिकले ते चुकून, आणि ती चूक आज या व्यासपीठावरून सांगणे मला आवश्यक वाटते.

माझे माहेर लातूरचे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली, तेव्हा मी बी.एड. होऊन नोकरीच्या शोधात होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती पोहोचवून माणसे उशिरा घरी आली होती आणि गाढ झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत घरे दगड-मातीची. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंड, थंडीत ऊबदार, अशी ती पिढ्यान्‌पिढ्यांची घरे काही सेकंदांत माणसांवर बसली. आठ ते दहा हजार माणसे गेली. पाठोपाठ पाऊस लागला. सरणाला लाकूड पुरेना. दुसऱ्याच दिवशी पितृपक्ष सुरू झाला. पण पान वाढायला घरात माणूस उरले नव्हते, अशी कितीतरी घरे होती.

दसऱ्यानंतर मी औसा तालुक्यातल्या एका गावी स्वयंसेवक शिक्षिका म्हणून गेले. पत्र्याचे एक लांब शेड, त्यात सत्तर-ऐंशी मुले. रोज कोणीतरी पाहुणे येत: पुढारी, पत्रकार, मदत करणाऱ्या संस्थांचे लोक. सगळे भल्या हेतूने येत आणि सगळ्यांना मुलांकडून काहीतरी ऐकायचे असे. माझे वय पंचवीस, डोक्यात नुकतेच शिकलेले मानसशास्त्र. लिहिल्याने मन मोकळे होईल, असे मला वाटले. आणि खरे सांगायचे तर, पाहुण्यांना दाखवायला काही असावे, असेही वाटले. मी चौथीच्या मुलांना निबंध दिला: 'ती पहाट'.

एका मुलाने विसर्जनाच्या मिरवणुकीवर तीन ओळी लिहिल्या. लेझीम कोणाचे चांगले झाले, गुलाल किती उधळला. चौथ्या ओळीला पेन्सिल थांबली. तो उठला, शेडबाहेर गेला आणि पुढचे आठ दिवस शाळेत आला नाही. नवव्या दिवशी त्याची आजी आली. घरातली ती दोघेच वाचली होती. ती माझ्यावर रागावली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "बाई, लेकरू आत्ता कुठं झोपाय लागलं होतं. तुम्ही त्याला परत त्या मातीत कशापायी नेलाव?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही ते वाक्य आठवले की मान खाली जाते. पुढे कित्येक वर्षांनी वाचनात आले की, आघातानंतर लगेच माणसाला बसवून एकाच बैठकीत सारे काही बोलून घ्यायला लावण्याची जी पद्धत जगभर रूढ झाली होती, तिचा उपयोग होत नाही आणि काहींना तिने अपायही होतो, असे अभ्यासकांना आढळले. आता जागतिक आरोग्य संघटनाही तसे करू नये असे सांगते. माणसाला सुरक्षित जागी न्यावे, त्याची निकड ऐकावी, त्याच्या माणसांशी त्याची गाठ घालून द्यावी, आणि तो बोलला तर ऐकावे, बोलला नाही तर बोलते करू नये, एवढाच पहिला उपचार. त्या आजीने हेच सांगितले होते.

मग बोलूच नये काय? तसेही नाही, आणि हा भाग समजायला मला अधिक वेळ लागला. त्याच शेडमध्ये जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेतले एक वयस्क गुरुजी होते. त्यांची पत्नी आणि दोन नातवंडे गेली होती. शाळा भरली त्या पहिल्या दिवशी त्यांनी कोरे हजेरीपत्रक उघडले आणि जुन्या क्रमाने, तोंडपाठ असलेली सर्व नावे पुकारायला सुरुवात केली. गेलेल्या मुलाचे नाव आले की ते ओलांडून पुढे गेले नाहीत. नाव घेत, थांबत. मुलांतूनच कोणीतरी हळू आवाजात सांगे, "गेला, गुरुजी." मग पुढचे नाव. मी भिंतीशी उभी राहून थरथरत होते. हे थांबवावे असे वाटत होते. हजेरीला अर्धा तास लागला. नंतर मुले रडली, एकमेकांना बिलगली, गुरुजीही रडले. मग त्यांनी सगळ्यांना पाणी प्यायला पाठवले आणि पाढे घेतले. दुसऱ्या दिवसापासून फक्त हजर असलेल्यांची नावे पुकारली. गेलेल्यांची नावे त्यांनी हजेरीपत्रकाच्या शेवटच्या पानावर आपल्या सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली. मी विचारले, "हे कशासाठी, गुरुजी?" ते म्हणाले, "हजेरी पुरी पाहिजे, बाई."

त्यांची हजेरी आणि माझा निबंध, दोन्हींत गेलेल्यांची आठवणच होती. मग फरक कोठे पडला? गुरुजींनी ती आठवण सर्वांमध्ये, सर्वांसह, स्वतः त्यात बसून काढली. मी एकेकट्या मुलाला कोऱ्या कागदापुढे बसवले. गुरुजींच्या आठवणीला शेवट होता, पाणी होते, नंतर पाढे होते. माझ्या निबंधाला वाचक होते ते परके पाहुणे. दुःख कोण विचारतो, कोणासाठी विचारतो आणि विचारून झाल्यावर तो तिथेच थांबतो की मोटारीत बसून निघून जातो, यावर सारे अवलंबून असते.

तिथल्या बायकांचे रडणेही मला सुरुवातीला सहन होत नसे. परगावची नातलग आली की एस.टी.तून उतरताच गळ्यात पडून, हेल काढून, गेलेल्याचे गुण सांगत रडणे चाले. मला, शहरात वाढलेल्या एम.ए.च्या मुलीला, ते काहीसे गावंढळ वाटे. मग लक्षात आले की ते रडणे ठराविक वेळी सुरू होते आणि ठराविक वेळी थांबते. कोणीतरी वयस्क बाई "आता पुरे, तोंड धुवा" म्हणते, चूल पेटते, चहा होतो. दुःखाला एक आकार मिळालेला असतो. दहावा, तेरावा, सुतक, दुखवटा यांतल्या कर्मकांडाविषयी प्रत्येकाचे मत वेगळे असेल, माझेही आहे. परंतु शोकाला वेळ देणारी आणि शोकातून माणसाला परत आणणारी ती एक व्यवस्था होती, हे नाकारता येणार नाही.

मुलांनी आपली व्यवस्था खेळात शोधली. ती 'भूकंप-भूकंप' खेळत. दगड रचायचे, चिंध्यांची बाहुली आत ठेवायची आणि हाताने सगळे पाडायचे. दिवसातून दहा वेळा. मी तो खेळ बंद करायला निघाले होते, गुरुजींनी अडवले. "बघत राहा," म्हणाले. मी बघत राहिले. जवळजवळ महिनाभर बाहुली दगडाखालीच राहत असे. मग एके दिवशी एका मुलीने दगड उचलले, बाहुली बाहेर काढली आणि पानांच्या अंथरुणावर निजवली. त्यानंतर खेळात दवाखाना आला, डॉक्टर आला, पुढे भाकरी घेऊन येणारी मावशीही आली. खेळ पुढे सरकतो आहे, तोवर काळजी नसावी. तो एकाच जागी महिनोन्‌महिने गोल फिरत राहिला, तर मात्र जाणकाराला दाखवावे, हे मला नंतर एका बालमानसतज्ज्ञाने सांगितले. गुरुजींना ते कोणी सांगितले होते, कोणास ठाऊक.

आणखी एक छोटी गोष्ट. शाळेची घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा टांगला होता. पहिल्या दिवशी तो ठोकताच अर्धी मुले आणि शेजारच्या शेडमधल्या चार बाया धावत बाहेर पडल्या. मग आम्ही ठरवले की आधी मोठ्याने सांगायचे, "आता घंटा होणार आहे," दहा अंक मोजायचे, मग ठोकायची. तेही मुलांनीच, आळीपाळीने. दोन आठवड्यांत घंटेचा पाळीदार होण्यासाठी भांडणे लागू लागली. घाव खाल्लेल्या माणसाला काय हवे असते, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. पुढे काय होणार हे आधी कळावे आणि त्यात आपला हात असावा, या दोन गोष्टी त्या घंटेत होत्या.

हेच गावाच्या बाबतीतही खरे ठरले, परंतु तेथे हिशोब अधिक गुंतागुंतीचा होता. ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरे पक्की, रस्ते रुंद, सरळ रेषेत आखलेले. जुन्या गावातल्या गल्लीत ओसरीवरून ओसरीवर बोलता येई. नव्या गावात शेजारीण शंभर पावले दूर गेली आणि संध्याकाळ सुनी झाली. कितीतरी माणसे पक्के घर मिळूनही बाहेर पत्र्याखालीच निजत. घर आणि घरपण यांत काय अंतर असते, ते तिथे दिसले. उलट जिथे जुनी घरेच दुरुस्त व मजबूत करायची होती, तिथे गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. घर कसे बांधले म्हणजे पडत नाही, हे त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावून सांगत. कालपर्यंत ज्या पदराआडून बोलत, त्या गवंड्याला "कोपऱ्यात गज कुठे आहे?" म्हणून विचारू लागल्या. मदत हवीच, परंतु नुसती मदत घेत राहणाऱ्या माणसाचे कर्तेपण हरवते, आणि ते परत आल्याखेरीज गाव उभे राहत नाही. नळदुर्गचे 'आपलं घर', हराळीची ज्ञान प्रबोधिनीची शाळा, भारतीय जैन संघटनेने पुण्याजवळ वाघोलीला नेऊन शिकवलेली मुले, ही कामे तेव्हा उभी राहिली आणि वर्षानुवर्षे चालली. पहिल्या आठवड्यात कपड्यांचे ढीग टाकून गेलेल्यांपेक्षा मी या लोकांना अधिक मानते.

लग्नानंतर मी अहमदाबादला आले, आपल्या शाळेत रुजू झाले आणि समजत होते की भूकंप मागे राहिला. २६ जानेवारी २००१ ला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी तो पुन्हा आला. येथे बसलेल्या अनेकांना तो दिवस आठवत असेल. ध्वजवंदन झाले होते, सातवीच्या मुली लेझीम घेऊन मैदानावर होत्या. मिनिटभराहून अधिक काळ जमीन हलत होती. मुले मोकळ्या मैदानावर होती म्हणून आपल्या शाळेत कोणाला इजा झाली नाही. त्याच वेळी कच्छमधल्या अंजार गावी प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत चालणारी १८५ मुले आणि २० शिक्षक अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांखाली सापडले. शिक्षिका म्हणून त्या २० जणांचा विचार माझ्या मनातून कधी जात नाही. २०२२ मध्ये तेथे त्या मुलांचे स्मारक झाले. गुरुजींच्या हजेरीपत्रकाचे शेवटचे पान मला तेव्हा आठवले.

आपल्या शहरातही बहुमजली इमारती कोसळल्या, शेकडो माणसे गेली, आणि कित्येक रात्री आपण सारे बागांत आणि रस्त्यांवर निजलो. शाळा उघडली तेव्हा मी साधी सहायक शिक्षिका होते. पण तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी माझे ऐकले, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. निबंध दिला नाही, चित्र काढायला लावले नाही. पहिले काही दिवस वर्ग मैदानात भरले. भूकंप का होतो, नंतरचे धक्के का येतात, ते हळूहळू का कमी होतात, हे विज्ञानाच्या सरांनी प्रत्येक वर्गात सांगितले. जिन्याकडे कसे जायचे याचा सराव झाला आणि प्रत्येक मुलाला एक काम मिळाले. पाण्याची बाटली बघणारा, रांग मोजणारा, पहिलीच्या मुलांचा हात धरणारा. त्या वेळचा पहिलीचा एक मुलगा आज समोर पालक म्हणून बसला आहे. ज्या ताईने हात धरला होता, तिचे नाव त्याला अजून आठवते.

पुढच्याच वर्षी या शहराने आणखी एक घाव पाहिला. त्याविषयी मी थोडेच बोलेन. धरणीने दिलेला घाव आणि माणसाने माणसाला दिलेला घाव यांत फरक आहे. पहिल्यात शेजारी धावून येतो. दुसऱ्यात शेजाऱ्यावरचा विश्वासच जखमी होतो, आणि तो भरून यायला पिढी लागते. त्या वर्षी आपल्या काही मुलांनी मैत्रिणींकडे जाणे बंद केले. त्यांना पुन्हा एका डब्यातून खाताना पाहायला आम्हाला फार वाट पाहावी लागली.

आता अलीकडचे. २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, वर्ग टप्प्याटप्प्याने पुन्हा भरू लागले. एकेका वर्गात कोणाचे वडील, कोणाची आई, कोणाचे आजी-आजोबा गेलेले. या मुलांना तर हेल काढून रडणेही मिळाले नव्हते. शेवटचे दर्शन नाही, खांदा द्यायला माणसे नाहीत, तेरा दिवस घरात कोणी फिरकले नाही. आई दवाखान्यात गेली आणि परत आली ती एका फोनवरून. असा शोक अर्धवट राहतो.

आठवीतल्या एका मुलीच्या प्रगतिपत्रकावर वडिलांची सही होती. वडील मे महिन्यात गेले होते. वर्गशिक्षिकेने खोट्या सहीची तक्रार म्हणून ते पत्रक माझ्यापुढे ठेवले. मीही तेवढ्याच कडकपणे मुलीला बोलावले. ती शांतपणे म्हणाली, "बाई, तिथे 'वडिलांची सही' असं छापलंय. रिकामी कशी ठेवू?" इतकी वर्षे शिकवूनही मी पुन्हा एकदा त्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होते. पुढच्या वर्षापासून आपल्या प्रगतिपत्रकावर 'पालकांची सही' असे छापले जाते. ही सुधारणा आम्हाला सुचली नाही. ती त्या मुलीने घडवली, याची नोंद या ग्रंथात राहावी.

त्याच वर्षी नववीतला एक मुलगा 'उद्धट' म्हणून रोज माझ्याकडे पाठवला जाई. बाक आपटतो, मध्येच उठून जातो. कोणीतरी नीट पाहिले तेव्हा ध्यानात आले की हे होते ते रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली की. त्याला दाराजवळची जागा दिली आणि न विचारता दोन मिनिटे बाहेर जाण्याची मुभा दिली. एवढेच केले. शिस्तीचा प्रश्न तिथे नव्हताच.

पालकहो, आपल्या ओळखीतल्या घरात असे घडले, तर काही वाक्ये कृपा करून बोलू नका. "आता विसरून जा." विसरणे कोणाच्या हातात असते? "तूच आता घरातला कर्ता." दहा वर्षांच्या मुलाला कर्ता करू नये; त्याने रडावे कोठे? "इतरांचे याहून वाईट झाले." दुःखाची अशी तुलना होत नाही. "आई देवाघरी झोपली आहे," असे लहान मुलाला सांगितले तर ते स्वतः झोपायला घाबरते. खरे सांगावे, त्याच्या वयाला झेपेल अशा शब्दांत सांगावे, आणि त्याने पुन्हा विचारले तर पुन्हा सांगावे. जेवणाची वेळ, झोपेची वेळ, शाळेची वेळ शक्यतो तीच ठेवावी. गेलेल्या माणसाचे नाव घरात घ्यावे, त्याच्या आवडीचा पदार्थ करावा. मुलासमोर मोठ्यांना रडू आले तर लपवू नये. नंतर तोंड धुऊन पोळ्या लाटायला घ्याव्यात, हेही त्याने पाहावे.

वेळ आणि माणसे मिळाली की बहुतेक जण सावरतात. एमी वर्नर नावाच्या विदुषीने हवाईच्या कौआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा कित्येक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातली भांडणे, व्यसन, आजार अशा अनेक संकटांत एकाच वेळी वाढलेल्या मुलांपैकीही सुमारे एक तृतीयांश मुले समर्थ, प्रेमळ माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी विश्वासाचे मोठे माणूस होते, असे त्यांना वारंवार दिसले. ते आई-वडीलच असावेत असे नव्हते. आजी, मावशी, शेजारी, शिक्षक, कोणीही. मला या अभ्यासातला उरलेला दोन तृतीयांश भागही तितकाच महत्त्वाचा वाटतो. एखाद्या मुलाने सावरले नाही, तर तो त्याचा दुबळेपणा मानू नका.

महिना उलटूनही झोप लागत नसेल, दचकणे थांबत नसेल, मूल खेळत-बोलत नसेल, किंवा "मलाही जायचंय" असे म्हणत असेल, तर घरगुती धीर पुरे समजू नये. शेवटच्या वाक्यासाठी तर महिन्याचीही वाट पाहू नये. मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कसलाही कमीपणा नाही. हाड मोडले तर आपण हळद लावून बसत नाही. शासनाची 'टेलिमानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. संकटातल्या मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक आता आपल्या दैनंदिनीच्या पहिल्या पानावर छापलेले आहेत.

स्वतःविषयी एक सांगते, म्हणजे मी केवळ उपदेश करते आहे असे वाटणार नाही. गेली तीस वर्षे माझ्या पलंगाशेजारी चपला आणि विजेरी असते. सप्टेंबरच्या अखेरीस मला चारच्या सुमारास आपोआप जाग येते. यजमान पूर्वी थट्टा करीत. आता तेही उठतात आणि चहा ठेवतात.

शेवटी, माजी विद्यार्थ्यांसमोर एक मागणे. हीरक महोत्सवाच्या निधीतून प्रवेशद्वारावर दगडी कमान उभारावी, असा ठराव होता. कमानीला माझा विरोध नाही, ती शोभेल. परंतु शाळेला पूर्णवेळ नाही तरी नियमित समुपदेशक असावा, असा आग्रह मी कार्यकारिणीपुढे धरला आणि थोड्या वादानंतर तो एका वर्षासाठी मान्य झाला. दुसऱ्या वर्षाच्या मानधनाची तरतूद अद्याप नाही. एक वर्षाने निघून जाणारे माणूस दुखावलेल्या मुलापुढे उभे करणे म्हणजे काय, हे आपल्याला मी वेगळे सांगायला नको. किमान पाच वर्षांची सोय झाली तरच ही नेमणूक करण्यात अर्थ आहे, असे मी कार्यकारिणीला लेखी कळवले आहे.

ग्रंथालयामागची पूर्वीची नकाशांची खोली त्यासाठी मोकळी केली आहे. तिचे दार ग्रंथालयातूनच उघडते. आत जाणारे मूल पुस्तक बदलायला गेले, असेच इतरांना वाटेल. मंगळवार आणि शुक्रवार मुलांसाठी असतील, आणि शुक्रवारी साडेचारनंतर पालकांनाही येता येईल. खोलीत दोन खुर्च्या, एक सतरंजी आणि पाण्याचा माठ ठेवला आहे. दाराबाहेर पाटी लावलेली नाही. कार्यक्रमानंतर ज्यांना पाहायची असेल, त्यांनी माझ्याबरोबर यावे. किल्ली माझ्याजवळ आहे.